अपिलासाठी राखून ठेवलेली साक्ष

आमच्या घराण्यात तीन पिढ्या कोणी पहिल्या निकालावर गप्प बसलेलं नव्हतं. पणजोबा ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत उज्जैनला आले ते कोर्टातले कारकून म्हणून. आजोबा त्याच कोर्टात नाजर झाले आणि बाबा सरिश्तेदार, म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसून दाव्याच्या मिसलीतले कागद पुढे सरकवणारे. तिघांपैकी एकाकडेही वकिलीची सनद नव्हती, पण कायद्याबद्दलची मतं तिघांकडेही भरपूर होती. त्यांतलं सगळ्यांत पक्कं मत असं की खालचं कोर्ट म्हणजे तालीम, खरा खेळ वरच्या कोर्टात. तिथेही नाही जमलं तर त्याच्या वर आणखी एक कोर्ट, आणि सगळ्यांच्या वर हुजूर, म्हणजे खुद्द महाराज. हुजुरांकडे अर्ज गेला की वर्षानुवर्षांची हार एका ओळीत पालटते, असं बाबा छातीवर हात ठेवून सांगत. तसं एकदाच झालं होतं आणि तेही त्यांनी ऐकलेलं होतं.

घरातही तीच पद्धत. आईनं लाडू नाकारला की मी बाबांकडे दाद मागायचो, बाबांनी नाकारला की आजोबांकडे. आजोबा लाडू देत आणि वर आईला समज देत. अशा तालमीत वाढलेला मुलगा इंदूरहून एलएल.बी. होऊन आला, तेव्हा आपण न्यायदानाच्या शिखरावरच जन्मलो आहोत असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही. टावर चौकातल्या शिंप्यानं माझा काळा कोट दोन बोटं सैल शिवला. "वकील साहब, वकालत चलेगी तो बदन भी भरेगा," तो म्हणाला. पुढची बरीच वर्षं तो कोट सैलच राहिला.

दिवस नवे होते. देश स्वतंत्र झाला होता, रियासत जाऊन मध्यभारत आलं होतं, आणि संविधान लागू होऊन फार काळ झाला नव्हता. कोर्टाची पाटीही बदलली होती, पण रंगाऱ्यानं जुन्या अक्षरांवरच नवा हात मारला होता, त्यामुळे उन्हात तिरकं उभं राहिलं की खालची रियासत दिसायची. बाबा निवृत्त झाले होते. ते रोज त्या पाटीकडे बघून म्हणत, "नाव बदललं, काम तेच."

माझी पहिली अशील आत्या. बाबांची धाकटी बहीण, विधवा, मूलबाळ नाही. आमचे आतोबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते गेल्यावर बाबांनी तिला घरी ये म्हणून सांगितलं, आईनंही मनापासून सांगितलं, पण ती आली नाही. गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत राहून ती मुलींना गाणं शिकवायची. त्यासाठी तिच्याकडे एक पेटी होती. आतोबांनी लग्नानंतर आणलेली. ती गायची तेव्हा ते भाता मारत बसायचे, आणि त्यांना ताल एवढा कमी होता की भाताही बेताल मारत, असं ती हसून सांगायची. त्या पेटीवर तिच्या दोन खोल्या उभ्या होत्या. पेटी असेतो मुली येत, मुली येत तोवर ती स्वतःच्या चुलीवर स्वतःला हवी तशी आमटी करून खाई. पेटी गेली असती तर तिला भावाच्या घरी यावं लागलं असतं. हे तिला, आईला, बाबांना, सगळ्यांना ठाऊक होतं. एवढं स्पष्ट की त्याबद्दल कोणी बोलत नसे.

आणि पेटी गेली ती अशी. गल्लीच्या टोकाला एक राममंदिर होतं आणि तिथे एक भजनी मंडळ. रामनवमीच्या उत्सवासाठी मंडळाचे अध्यक्ष आत्याकडे पेटी मागायला आले. सज्जन गृहस्थ, कपाळाला गंध, बोलणं गोड. आत्यानं पेटी पुसली, तिला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि मग त्यांच्या हाती दिली. आमच्याकडे वाद्य घराबाहेर जाताना असंच देतात. नुसतं उचलून नेलेलं वाद्य रुसतं, असं आत्या म्हणायची. उत्सव झाला, महिना झाला, पेटी आली नाही. आत्या मागायला गेली तेव्हा अध्यक्षांनी हात जोडले.

"ताई, देवाला अर्पण केलेली वस्तू परत मागू नये."

"अर्पण कुठे केली? उत्सवापुरती दिली होती."

"हळदकुंकू लावून, नारळ ठेवून दिलीत. मग अर्पण आणखी कसं असतं?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं त्या पेटीवर मंदिरात मुलींचा फुकट वर्गही सुरू केला. आत्याच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. आत्या टाळी वाजवून शिकवू लागली, पण मुलींच्या आया म्हणाल्या, "बाई, पेटीशिवाय गाणं कसलं?"

मग मी दावा लावला. जंगम वस्तू परत मिळावी, एवढीच मागणी. पेटी जुनी, किंमत थोडी, म्हणून मिसलीवर लिहिलं गेलं: खफीफा. लहान दाव्यांच्या कोर्टाला आमच्याकडे हाच शब्द. मला शब्द आवडला. हलकंफुलकं काही तरी असावं असं वाटलं.

आमच्याकडे एक हुकमाचा एक्का होता. आत्याच्या समोर राहणारी माळवी बाई. पेटी दिली तेव्हा ती आत्याच्या उंबऱ्यावर गहू निवडत बसली होती आणि आत्यानं अध्यक्षांना सांगितलेलं तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं: "रामनवमी झाली की आणून द्या, माझ्या मुलींचा खाडा होतो." या एका वाक्यात सगळा दावा होता. बाई नात्याची नाही, भांडणातली नाही, मंदिरात रोज जाणारी. असा साक्षीदार दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही.

बाबांनी मला ओसरीवर बसवलं. पान लावता लावता म्हणाले, "तिला आणू नकोस."

"का?"

"पहिल्याच कोर्टात एक्का टाकलास की समोरचा त्याची तोड शोधतो. अपिलात टाक. तिथे त्याला तयारीला टाइम नाही भेटणार. मी तीस वर्षं हेच बघत आलोय."

मला हे इतकं पटलं की स्वतःलाच सुचलं असं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये मी एका समवयस्क वकिलाला "न्यायाचं दीर्घ धोरण" या विषयावर ऐकवलं. तो माझ्याकडे बघत शेंगदाणे खात राहिला. आत्यानं विचारलं, "अरे, त्या बाईला का नाही बोलावलंस? ती तर तयार आहे." मी म्हटलं, "आत्या, हे डावपेच आहेत. तू फक्त विचारलं तेवढ्याचं हो-नाही उत्तर दे. जास्त बोलू नकोस." तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी तिचा भाचा होतो आणि माझा कोट काळा होता.

पेशीच्या दिवशी मी अध्यक्षांची उलटतपासणी घेतली. तिची आठवण आली की अजून माझे कान गरम होतात. नारळ फोडला होता की नुसता ठेवला होता, यावर मी त्यांना धरलं. नुसता ठेवला होता, ते म्हणाले. मग मी कोर्टाला सांगितलं की फोडलेला नारळ म्हणजे अर्पण आणि न फोडलेला नारळ म्हणजे शुभेच्छा, आणि या फरकावर मी धर्मशास्त्र, लोकाचार, आमच्या घरची पद्धत असं काय काय बोलत सुटलो. शेंडीचा नारळ आणि बिनशेंडीचा नारळ यापर्यंत आलो तेव्हा न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"वकील साहब, नारियल छोड़िए। कोई गवाह है जिसके सामने पेटी दी गई?"

देव माणसाला संधी देतो ती अशी सरळ भाषेत देतो. मी मात्र बाबांकडे पाहिलं. ते मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हलकेच मान नकारार्थी हलवली.

"उचित समय पर पेश करेंगे, हुजूर," मी म्हटलं.

"उचित समय यही है।"

मी स्मित केलं. हो, स्मित केलं. न्यायाधीश बिचारे नवे आहेत, त्यांना डाव कळलेला नाही, असं मला वाटलं. विचारलेल्या प्रश्नांना आत्यानं हो-नाही उत्तरं दिली. मध्येच एकदा ती म्हणाली, "साहेब, ती पेटी..." आणि मी हातानं थांब म्हणून खूण केली. ती थांबली.

निकाल चार ओळींचा लागला. खफीफात निकाल असेच छोटे असतात. पेटी समारंभपूर्वक दिली हे वादीला मान्य, परतीच्या बोलीचा पुरावा नाही, दावा खारीज. त्या चार ओळींत चुकीचं काहीच नव्हतं. न्यायाधीशांसमोर मी जे ठेवलं त्यावर मीही तेच लिहिलं असतं. पण बाहेर येताना आम्ही बापलेक आनंदात होतो. बाबांनी कचोरी मागवली. "आता खरी लढाई," ते म्हणाले. आत्या कचोरीचा तुकडा हातात धरून उभी होती. खात नव्हती.

त्या आठवड्यात अपिलाची मुदत किती आहे ते पाहायला मी पुस्तक उघडलं. मुदत शोधत होतो. ती सापडेना, म्हणून मागे गेलो, पुढे गेलो. मग कळलं की मुदत सापडत नाही कारण अपीलच नाही. लहान दाव्यांचा निकाल झटपट लागावा, गरिबाला एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात हेलपाटे घालावे लागू नयेत, म्हणून कायद्यानं तिथे अपिलाचं दारच ठेवलं नव्हतं. अगदी चांगल्या हेतूनं केलेली सोय. आमच्यासारखे शहाणे तिच्यात पाय अडकून पडतील हे कोणाच्या डोक्यात आलं नसणार. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क मिळाले होते. उत्तर मी पाठ केलं होतं, पण त्याचा आमच्या पेटीशी काही संबंध असेल हे मनात आलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पानाचा डबा मिटला. "असं कसं? वर कोणी तरी असेलच ना."

"वर कोणी नाही."

"हुजूर गेले, मान्य. पण त्यांच्या जागी कोणी बसलं असेल. राष्ट्रपतींना लिही."

मी संविधानाचं पुस्तक मागून आणलं. आम्ही दोघं ओसरीवर बसलो, मी वाचायचो आणि बाबा प्रत्येक कलमावर "हे बघ, हे आपलंच" म्हणायचे. दिवाणी अपील सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं, असं वाचल्यावर ते उठून उभे राहिले. पुढचं वाक्य वाचलं तेव्हा बसले. त्याला दावा वीस हजारांचा तरी हवा. आमची पेटी सगळ्या सुरांसकट आणि तिच्याबरोबर देऊळही विकलं असतं तरी तेवढं भरलं नसतं. मग मला एक कलम सापडलं, उच्च न्यायालयाला आपल्या हाताखालच्या सगळ्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार देणारं. सगळ्या! मी तो शब्द बाबांना तीनदा वाचून दाखवला. देखरेख म्हणजे दुसरं काय, वर बसलेलं माणूस खाली बघणारच. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हुजूर सापडले होते.

माळवी बाईला मी सांगायला गेलो की आता तुमची साक्ष लागेल. ती म्हणाली, "भैया, मैं तो पहले दिन से तैयार बैठी थी। नई साड़ी भी निकाल रखी थी। तुमने बुलाया ही नी।" मी म्हटलं, आता इंदूरला बोलावतो. तिनं विचारलं, इंदूरला बसनं जायचं की रेल्वेनं. मी म्हटलं, बसनं. एवढं बोलून मी मोठ्या रुबाबात घरी आलो.

तिला न्यायची वेळ आलीच नाही. इंदूरच्या खंडपीठापुढे माझा अर्ज आला तेव्हा मी भाषण तयार केलं होतं, नव्या प्रजासत्ताकात लहान माणसाच्या लहान वस्तूला मोठं कोर्ट का लागतं यावर. सुरुवातही बरी झाली होती. न्यायमूर्तींनी अर्ज उलटला आणि विचारलं, "हा साक्षीदार खालच्या कोर्टाच्या वेळी हयात होता?"

"हो."

"उज्जैनमध्येच होता?"

"हो. वादीच्या समोरच राहते."

"मग आणला का नाही?"

मी वकील होतो. खोटं बोलायला हवं होतं, किंवा निदान लांबण लावायला. पण माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. "अपिलासाठी राखून ठेवला होता."

मागच्या बाकांवरचे वकील हसले. न्यायमूर्ती हसले नाहीत. ते हळू आवाजात, एखाद्या मुलाला समजवावं तसं बोलले. संविधानानं आम्हाला देखरेख दिली आहे ती कोर्टं आपल्या हद्दीत राहतात की नाही हे बघायला. त्या न्यायाधीशांना हा दावा ऐकायचा अधिकार होता, त्यांनी ऐकला, तुम्हाला साक्षीदारही विचारला. तुम्ही न दाखवलेला पुरावा आम्ही इथे पाहू लागलो तर लहान दाव्याला अपील नाही या कायद्याला अर्थ राहत नाही. आमच्याही अधिकाराला हद्द आहे. मग पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. माझं भाषण कोटाच्या खिशात होतं. कोट सैल असल्यानं ते आरामात मावलं होतं.

उज्जैनच्या देवास गेटला बस पोहोचली तोवर मी दिल्लीला जायचं ठरवून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालय खास परवानगी देऊन कुठल्याही कोर्टाविरुद्धचं अपील ऐकू शकतं, असंही एक कलम होतं. वीस हजारांची अटसुद्धा नव्हती त्यात. मी घरी न जाता सरळ आत्याकडे गेलो. ती चुलीजवळ बसली होती. मी उभ्या उभ्याच तिला इंदूर सांगितलं, मग दिल्ली सांगितली. दिल्ली मी जास्त रंगवून सांगितली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इंदूरला तू माझं सांगितलंस?"

"म्हणजे?"

"की ती पेटी ह्यांनी आणली होती. की मी ती देवाला दिली नव्हती. देताना मी काय बोलले ते."

"आत्या, तिथे तसं सांगायचं नसतं. तिथे फक्त अधिकारावर बोलायचं असतं. हद्द, कक्षा..."

"आणि दिल्लीला?"

"तिथे तर आणखीच नाही."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बघ ना. एवढी कोर्टं झाली, आणि मी काय बोलले होते ते अजून कोणी ऐकलंच नाही." ती रागावली नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटत होतं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि मला रडू आलं. वकील झाल्यापासून पहिल्यांदा. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "राहू दे दिल्ली. थंडी असते तिथे."

पुढच्या महिन्यात तिनं खोल्या सोडल्या. टांग्यातून एक ट्रंक, वळकटी आणि भांड्यांचं बोचकं आलं. आईनं तिच्यासाठी मधली खोली रिकामी केली, स्वयंपाकघरातली एक फळी मोकळी करून दिली आणि म्हणाली, "वन्सं, घर तुमचंच आहे हो." आई खरंच तसं मानत होती. आत्याही हसून हो म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, आमटीत गूळ किती घालता तुम्ही. आईनं सांगितलं तेवढा तिनं घातला.

ती आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मला पहाटे जाग आली. आधी कळेना कशानं. मग ऐकू आलं, मधल्या खोलीतून, अगदी बारीक, नाकातून येणारा सूर. आत्या रियाज करत होती. तिच्या खोल्यांत ती पहाटे गायची तेव्हा अख्ख्या गल्लीला कळायचं, दूधवाला तिच्या षड्जावर वेळ ओळखायचा. इथे ती अंधारात भिंतीला टेकून, तोंड मिटून गात होती.

मी उठून दारात गेलो. "आत्या, मोठ्यानं गा की."

ती थांबली. पदर सारखा केला. "नको रे," ती हळूच म्हणाली. "दादाची झोपमोड होईल."

बाबा जागेच होते. पलीकडच्या खोलीत त्यांची खाट करकरलेली मी ऐकली. मी वाट पाहिली, ते काही तरी बोलतील म्हणून. थोड्या वेळानं आत्यानं पुन्हा तोंड मिटूनच सूर लावला.